माझ्या वजनावरचा दिवा

चौथी शिकलेल्या माणसाने बॅटरीवर लिहू नये, असं माझा थोरला म्हणतो. म्हणूनच लिहायला बसलोय. त्याची बारावी झालेली आहे आणि त्याचा मोबाईल कायम बंद पडलेला असतो, तेव्हा त्याने मला शिकवू नये. शिवाय ज्या बॅटरीची ही गोष्ट आहे तिच्यावर मी बसलेलो आहे. बोलण्यापुरतं नव्हे. खरोखर, मांडी घालून, पेपर वाचत, रोजच्या रोज. नाशिक जिल्ह्यात एवढा अधिकार दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याने खुशाल पुढे यावं.

ज्यांनी मला बसवलं ते गृहस्थ आमच्या शेडचे भाडेकरू. त्यांना सगळे सर म्हणत. वयाने ते माझ्या धाकट्याच्या बरोबरीचे, तरी मीही सरच म्हणायचो. सातपूरच्या कारखान्यांचं कंपाउंड संपतं तिथे आमचा मळा लागतो. मळा म्हणजे आता उरलाय तेवढा. झेंडू, शेवंती, मधल्या दिवसांत मेथी-कोथिंबीर. कडेला पत्र्याची मोठी शेड, फुलं निवडायची. फुलांचा धंदा म्हणजे ओलीचा धंदा. गोणपाट ओलं, टोपल्या ओल्या, जमीन ओली, बायांचे हात ओले. ओल गेली की फूल गेलं.

सर पहिल्यांदा शेड बघायला आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली. "अण्णा, इथे ओल किती असते?"

मला वाटलं, अळिंबी लावणारे असतील. मी छाती काढून सांगितलं, "बारा महिने. उन्हाळ्यात सुद्धा गोणपाट वाळत नाय."

त्यांचा चेहरा असा पडला, की मी कोणी गेल्याची बातमी दिली की काय असं मलाच वाटलं. तरी शेड त्यांनीच घेतली. कारण बाकीच्या जागामालकांनी आत काय करणार ते विचारलं होतं, आणि मी विचारलं नव्हतं. आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळू द्यायचं नसेल तर विचारू नये, एवढं मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शिकायची गरज पडली नाही.

मग शेडमध्ये एक लहानशी भट्टी आली. एक काचेची पेटी आली, माशांच्या टाकीसारखी, पण पुढच्या काचेतून कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे आत लोंबणारे. पेटीत कोरडा गॅस भरलेला. सर बाहेरून त्या हातमोज्यांत हात घालायचे आणि आत काम करायचे, अडलेल्या म्हशीला सोडवावं तसं. तोंडही तसंच व्हायचं. पेटी कोणाची तरी वापरलेली होती आणि कुठून तरी गळायची, ती कुठून ते सरांना कधी सापडलं नाही. म्हणून त्यांचा सगळ्या जगातल्या ओलीवर दात.

ओल मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी शेडच्या आढ्याला दोऱ्याने उडदाचे पापड टांगले होते. सकाळी आले की पापडाला टिचकी मारायची. कडक वाजला तर काम. मऊ पडला तर काम बंद, तो पापड भट्टीत भाजून खायचा आणि नवा टांगायचा. आषाढ-श्रावणात त्यांच्या पोटात दुसरं काही जात नसावं.

बोलताना ते तोंड भिंतीकडे करायचे. माणसाच्या श्वासात पाणी असतं, ते समोरच्या कामावर बसतं, म्हणून. आपण समोर उभे, आणि ते भिंतीला सांगताहेत. त्यांची बायको, म्हणजे ताई, नाशिक रोडला सरकारी नोकरीत होत्या. त्या म्हणायच्या, "आमच्या घरात भिंतींना सगळं माहीत असतं, अण्णा. मला सगळ्यात शेवटी कळतं."

पण सगळ्यात कहर आंघोळीचा. शेडच्या दारावर सरांनी पाटी लावली होती, की ताजी आंघोळ केलेल्यांनी आत येऊ नये. ओले केस, दमट अंग, याच्यातून वाफ सुटते. स्वतः सर संध्याकाळी घरी जाऊन आंघोळ करायचे आणि सकाळी पारोसे यायचे. आता आमच्या घरात पारोशाने चुलीला शिवायचं नाही हा माझ्या आईचा दंडक. आणि माझ्याच शेडमध्ये आंघोळ केलेल्याला बंदी. पलीकडे स्प्रिंगा बनवायचा कारखाना आहे, तिथली मंदाबाई दुपारचा डबा खायला आमच्या मळ्यात यायची. ती म्हणाली, "अण्णा, हे समदं देवाच्या उलटं चाललंय." मी बरेच दिवस दाराबाहेर उभा राहूनच बोलायचो. मग एका सकाळी आंघोळ न करता सरळ आत गेलो. लाज वाटली. पण शेड माझी होती.

मी विचारत नाही आणि हे सांगत नाहीत, असं किती दिवस चालणार? शेवटी मीच म्हणालो, "मी काय विचारणार नाय. पण तुम्हाला सांगायचं असलं तर मला सध्या टाइम हाय."

सरांनी भिंतीला सांगितलं, मी ऐकलं. आपल्या मोबाईलच्या, गाड्यांच्या बॅटरीत आत पातळ रस असतो. तोच कधी कधी पेट घेतो. सरांना तो रस काढून टाकायचा होता. त्याच्या जागी त्यांनी भट्टीत भाजलेली एक पांढरी चकती, बत्ताशाएवढी, कपबशीसारखी कडक. चकतीच्या एका अंगाला एक धातू, इतका मऊ की सुरीने खव्यासारखा कापता येतो. वीज या अंगाकडून त्या अंगाकडे चकतीतून जायची. हे सगळं जमलेलं होतं. अडलं होतं ते धातू आणि चकती यांच्या सांध्यावर. ते त्याला इंटरफेस म्हणायचे. मी सांधा म्हणायचो. काम तेच.

"पाणी भांड्यात ओतलं की भांड्याला सगळीकडून लागतं," सर म्हणाले. "पण विटेवर वीट ठेवली तर? चार ठिकाणी टेकते. बाकी मध्ये पोकळी. टेकणं वेगळं, अण्णा. लागणं वेगळं."

हीच त्यांची पोथी. दुसरी कुठली नाही. पोकळी राहिली की वीज तिथून जात नाही, मग जिथे टेकलंय तिथेच सगळी गर्दी करते, आणि तिथून धातूला बारीक मुळ्या फुटतात. विहिरीच्या बांधकामात पिंपळ शिरतो तशा त्या चकतीत शिरतात, आणि एक दिवस चकती टिक करून तडकते. भट्टीत धातू पातळ करून चकतीवर सोडला तरी तो पसरत नव्हता. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोळा होऊन पळतो, तसा पळायचा. हवेतल्या ओलीने चकतीवर एक साय धरते, डोळ्यांना न दिसणारी, तिच्यामुळे. ती साय सर घासून काढायचे आणि हवा परत धरायची. हे भांडण वर्षानुवर्षं चाललेलं.

चकती तडकली की सर फोनवर ताईंना सांगायचे, "गेली." ताईंचा रोजचा प्रश्न ठरलेला, "आज कोण गेलं?" हे एकदा मंदाबाईने ऐकलं आणि ती कारखान्यातल्या दोघी बायांना घेऊन भेटायला आली. डोक्यावरून पदर घेऊन बसल्या बिचाऱ्या. सरांनी त्यांना गेलेल्यांची बरणी दाखवली. लोणच्याची मोठी बरणी, तडकलेल्या चकत्यांनी गळ्यापर्यंत भरलेली.

एकदा डोक्यात टेकणं-लागणं शिरलं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. सर आमच्याकडे जेवायला आले की भाकरीवर पिठलं घेऊन बोटाने दाबत बसायचे, कडेपर्यंत. मध्ये हवा राहिलेली त्यांना खपायची नाही. मोटारसायकलवर जोडपं चाललेलं दिसलं की हळहळायचे, "मध्ये पोकळी आहे." माझा थोरला आणि सूनबाई सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्ही बघत होते, तर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सांधा खराब आहे." तेव्हा त्या दोघांचा खरोखर अबोला चालला होता. सूनबाईला वाटलं मीच सांगितलं. तेव्हापासून थोरल्याचं सरांशी जमलं नाही ते नाहीच.

आता बसण्याचं सांगतो.

दोन घट्ट वस्तू लागत नसतील तर दाबायच्या. सरांकडे दाबायचं एक यंत्र होतं, ते तेल गाळायला लागलं म्हणून दुरुस्तीला गेलं. सर शेडभर जड वस्तू शोधत फिरले. भट्टी बघितली, पाटा बघितला, खताची पोती बघितली, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. वजन विचारलं. मला ते आवडलं नाही, तरी सांगितलं. सर फार खूश झाले. पेढ्याएवढी एक बंद डबी, तिच्यात ती चकती आणि धातू. डबीवर लोखंडी गट्टू, गट्टूवर सागवानी फळी, फळी इकडेतिकडे हलू नये म्हणून चार बाजूंना खुंट्या, आणि फळीवर मी. डबीतून दोन तारा निघालेल्या, तारांना गव्हाच्या दाण्याएवढा दिवा. मी बसलो, दिवा लागला. उठलो, विझला.

यंत्र दुरुस्त होऊन आलं तरी सरांनी मलाच ठेवलं. म्हणाले, "यंत्र हळूहळू ढिलं पडतं, अण्णा. तुम्ही पडत नाही."

माझ्या हट्टीपणाला घरात सगळ्यांनी नावं ठेवली. त्याचा उपयोग करून घेणारा हा पहिला माणूस भेटला. मी रोज जायला लागलो. पारोसाच. पेपर उलटताना हात जपून हलवायचा. शिंकलो की दिवा मिचकायचा. मंदाबाई काहीतरी बोलायची, मला हसू फुटायचं, आणि दिवा नाचायचा. सरांनी मंदाबाईला विनोद करायला मनाई केली, तर ती म्हणाली, "मी कुठं विनोद करते, मी तर अण्णांच्या सुनेबद्दल सांगत व्हते." दिवा पुन्हा नाचला.

एका शनिवारी दुपारी ताई शेडवर आल्या. त्यांनी दारातून बघितलं. मी फळीवर, फळीखाली दिवा, दिव्यासमोर सर उकिडवे.  मग म्हणाल्या, "आणि अण्णा उठले की?"

सर दिव्याची तार नीट करायला लागले.

"अहो, अण्णा लागणारी बॅटरी कोण घेईल? गाडीत बसवायची म्हटली तर प्रत्येक गाडीला एक अण्णा कुठून आणायचा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला आवडला नाही एवढंच. ताईंच्या पगारावर घर चाललेलं, पेटीतला गॅस त्यातूनच यायचा, आणि त्यांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलेलं मी बघितलं नाही. पण आता त्या थकल्या होत्या. इंदिरानगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला माणूस हवा होता, दिवाळीनंतर लगेच. ताईंनी बोलून ठेवलं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला शेडमधल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते, आणि आदल्या वर्षी सरांनी शेडला कुलूप लावून ती चुकवली होती. मी तेवढ्यात पूजेचा विषय काढला. म्हणालो, यंदा पूजा झालीच पाहिजे.

"मग तोच दिवस धरू," ताई म्हणाल्या. "खंडेनवमीला अण्णांशिवाय दिवा लागला तर मी क्लासचं नाव काढणार नाही. नाही लागला तर पेटी विकायची."

सर भिंतीला म्हणाले, "ठीक." त्या गेल्यावर मला म्हणाले, "क्लासला गेलो की या पेटीत परत हात नाही घालता येणार, अण्णा." आणि हातमोज्यांत हात घालून नुसतेच उभे राहिले. आत काही काम नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे काही मध्ये घालून बघितलं त्याला गणती नाही. धातू आणि चकती यांच्या मध्ये काहीतरी पातळ, मऊ, दोघांना चालेल असं हवं होतं. पेन्सिलीचं शिसं घासलं. त्याने थोडं भागलं, दिवा लागायला माझं अर्धं वजन पुरायला लागलं. सोन्याचा मुलामा उत्तम, असं कुठे तरी कोणी करून बघितलं होतं म्हणे, पण ते बोलण्यातच अर्थ नव्हता.

अशात माझ्या नातीचा साखरपुडा आला. इंदिरानगरला हॉल घेतला होता. सर आले, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी माणसात आल्यासारखे. मी त्यांना व्याह्यांकडे घेऊन जाणार तोवर ते दिसेनासे झाले. सापडले ते जेवणाच्या टेबलापाशी. खिशातला चिमटा काढून त्यांनी बर्फीवरचा चांदीचा वर्ख उचलायला सुरुवात केली होती. एकेका तुकड्यावरून उचलायचा, उजेडात धरायचा, बोटावर पसरायचा. निम्मं ताट उघडं झालेलं. नवऱ्याकडची मंडळी गोल करून बघत होती. कोणीतरी म्हणालं, भेसळ पकडणारे साहेब आलेत.

नवऱ्याची आई पुढे झाली. हे काय चाललंय, असं तिने नीटच विचारलं. आणि सर पहिल्यांदाच भिंत न शोधता बोलले. "हे बघा किती पातळ आहे. याला स्वतःचं अंगच नाही. दोघांना धरून ठेवतं आणि दोघांच्या मध्ये येत नाही. असं पाहिजे."

ती बाई काळीठिक्कर पडली. तिला वाटलं, मुलीकडच्यांनी सासूला चार माणसांत शिकवण द्यायला हा माणूस आणलाय. साखरपुडा तिथेच मोडायचा. थोरला माझ्याकडे असं बघत होता की ते बघणं मी अजून विसरलो नाही. मी पुढे होऊन सांगितलं, की हे आमच्या शेडचे शास्त्रज्ञ आहेत, आणि तुमच्या बर्फीचं आज कल्याण झालं. आवाज चढवून सांगितलं. आवाज चढवला की लोक पुढे विचारत नाहीत. लग्न झालं, नात सुखात आहे, आणि सासू अजून तिच्याशी जरा जपूनच वागते. याचं श्रेय कोणाला द्यायचं ते द्या.

दुसऱ्या दिवशी सर सराफ बाजारातून वर्खाची गड्डी घेऊन आले, कागदाआड एकेक पान ठेवलेली. चकती घासून साय काढली, पेटीत नेली, आणि मऊ कुंचल्याने तिच्यावर वर्ख ठेवला. ठेवताना त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला, माझं काही काम नसताना. मग खालून ऊब देऊन वरती तो धातू सोडला.

गोळा झाला नाही. गरम भाकरीवर तूप पसरावं तसा पसरला, कडेपर्यंत. वर्ख कुठे गेला ते दिसलं सुद्धा नाही.

डबी बंद झाली, बाहेर आली, गट्टू, फळी, मी. दिवा लागला तो इतका लख्ख, की मी पेपर बाजूला ठेवला. तेवढ्यात मला शिंक आली.

दिवा मिचकला नाही.

मी सरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.  आणि तेव्हापासून सर बदलले. मी जरा हललो की खांद्यावर हात. "उठू नका." जेवण फळीवर. मला उठायचंच झालं तर आधी तार सोडायची, दिवा विझवायचा, मग मला उठवायचं. म्हणजे उठल्यावर दिव्याचं काय होतं ते दिसायलाच नको. डबी एकच होती. वजनाशिवाय तिच्यातून वीज चालवली आणि सांधा सुटला तर परत जोडता येणार नव्हता. दुसरी डबी करा म्हटलं तर पापडाकडे बोट दाखवायचे. पापड चांगला कडक असायचा.

खंडेनवमी उजाडली. माझी दोन्ही पोरं झेंडू घेऊन बाजारात जायची, वर्षाचा धंदा असतो तो. थोरला मुद्दाम मागे राहिला. त्याला म्हातारा तोंडावर पडलेला बघायचा होता.

पूजा कशी करायची यावर माझं आणि सरांचं सकाळभर भांडण. पाणी शिंपडायचं नाही. ओला नारळ नाही. उदबत्ती नाही, धूर बसतो. निरांजन नाही, कारण ज्योत जळताना सुद्धा वाफ सोडते म्हणे. हे मला आजही पटलेलं नाही. ताजा झेंडू तर नाहीच, त्यात निम्मं पाणी. माझ्या मळ्यातला, माझ्या हातचा झेंडू. मी म्हणालो, मग पूजा कसली? शेवटी त्यांनी झेंडू भट्टीत वाळवला आणि त्या चुरमड्या माळा पेटीला घातल्या. नारळाच्या जागी खोबऱ्याची वाटी. हळद-कुंकू कोरडं, ते चाललं. आणि यायचं सगळ्यांनी पारोसं. मंदाबाई आणि तिच्या कारखान्यातल्या बाया नव्या साड्या नेसून, गजरे घालून, आंघोळ न करता आल्या होत्या आणि एकमेकींकडे बघून पदरात हसत होत्या. गजरे सरांनी दारात काढून घेतले.

"अहो, डबी बंद आहे ना?" ताई म्हणाल्या. "बंद डबीला कसली आलीय ओल?"

"डबी बंद आहे हे तुला माहितीय," सर म्हणाले. "हवेला नाही."

निरांजनाच्या जागी ताटात तो दिवा ठेवला. तार फळीखाली गेलेली. सरांनी मला सगळ्यांच्या आधीच बसवून टाकलं होतं.

ताई दाराशी हाताची घडी घालून उभ्या. "अण्णा बसलेत," त्या म्हणाल्या.

"आरतीपुरते. आरती झाली की बघू."

"आरती झाली की म्हणाल दसऱ्यानंतर बघू."

सरांनी भिंतीकडे तोंड केलं. मंदाबाईने सूर लावला, टाळ्या सुरू झाल्या. सगळे उभे आणि मी बसलेला. जन्मात कधी आरतीला बसलो नव्हतो, तापात सुद्धा नाही. पण देवाला काय वाटायचं ते वाटो. मला सरांचं तोंड दिसत होतं. ते दिव्याकडे बघत नव्हते. माझ्या गुडघ्यांकडे बघत होते, मी उठतोय की काय म्हणून. अपयशाची त्यांना भीती नव्हती, ते बरणीभर होतं. भीती होती ती कळण्याची. हा माणूस मला असाच बसवून ठेवणार, ताई त्याला दिवाळीनंतर क्लासला धाडणार, आणि दिवा माझ्याशिवाय लागतो की नाही हे कोणालाच कळणार नाही.

आरती दुसऱ्या कडव्यावर आली आणि मी उठलो.

थोरला सगळ्यांना सांगतो, अण्णा सवयीने उठले. सवयीने नाही. मी हट्टाने उठलो. दोन्हींतला फरक मला कळतो, मला दोन्ही आहेत.

"अण्णा," सर म्हणाले, इतक्या हळू की भिंतीला सुद्धा ऐकू गेलं नसेल. टाळ्या थांबल्या. मी फळीपासून लांब झालो. आणि कोणी म्हणायला नको म्हणून खाली वाकून फळी उचलली, गट्टू उचलला आणि दोन्ही बाजूला ठेवलं. डबी एकटीच राहिली, तारा लागलेली, तिच्यावर कोणी नाही.

दिवा होता तिथे होता.

 आरती अर्ध्यात थांबलेली. शेवटी मंदाबाईने विचारलं, "पुढं म्हणायची का नाय?"

"म्हणा," ताई म्हणाल्या. त्यांची हाताची घडी सुटली होती, आणि सगळ्यांच्या आधी टाळी त्यांनीच धरली.

सर माझ्यासमोर आले. भिंत चार पावलांवर होती, पण तिकडे वळले नाहीत. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, सगळा श्वास माझ्यावर सोडून म्हणाले, "लागलं." उडदाच्या पापडाचा वास आला.

मग दिवा लागलेला असताना आरती थांबवायची कशी? येत होत्या त्या सगळ्या झाल्या. मग अर्धवट येणाऱ्या. मग एकीला येणारी आणि बाकीच्यांनी नुसती टाळी धरलेली. कारखान्याचा भोंगा झाला तरी बाया हलल्या नाहीत. थोरला सुद्धा टाळ्या वाजवत होता, ते मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्याने बघितलं. दिवा विझला तो डबीतली वीज संपल्यावर. सांधा सुटून नाही. सरांनी तपासलं, आणि तपासताना शीळ घालत होते.

ताईंनी क्लासचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेने सरांना बोलावलं, पेटी, भट्टी, बरणी सगळ्यासकट. ताईंनी बदली मागून घेतली. ट्रक भरताना सर फळीपाशी थांबले. म्हणाले, ही इथेच राहू दे.   सांधा जमला त्या दिवशी माझं काम संपलं, आणि ते संपवायला मीच उठलो होतो.

शेड सरांनी इतकी कोरडी करून ठेवलीय की तिथे आता फुलं टिकत नाहीत. मंदाबाईने कारखाना सोडला आणि बायांना घेऊन तिथे पापड लाटायचं काम काढलंय. शेडचं नाव झालंय त्यात. खंडेनवमीला सरांचा फोन येतो. आवाज लांबून येतो, भिंतीकडे तोंड करूनच बोलत असणार.

"अण्णा, वजन किती?"

"तेवढंच," मी सांगतो.

"उत्तम," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.

फळी जाळून टाकू असं थोरला म्हणतो. म्हणूनच ती अजून आहे. दुपारी पेपर घेऊन मी तिच्यावर बसतो. बाया लाटत असतात, मंदाबाई काहीबाही बोलत असते, आणि आता मला हसायला मोकळीक आहे. खाली काही नाही. मी नुसता टेकतो.